एकोणीस नंबरचा नमुना

ऑफिसला जायला खाली उतरले तर पार्किंगमध्ये मातीचा ढीग, आणि ढिगामागं माझी स्कूटी अर्धी गाडलेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाग करायची टूम निघाली होती, त्याची ही सुरुवात. सेक्रेटरी गणपतराव ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून उभे होते, जणू स्वतःच खणून आणलीय. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मॅडम, कुरुंदवाडकडची माती हाय. एक नंबर. वीटभट्टीवाला आपल्या वळखीचा, त्यानं एक ट्रॉली धाडून दिली. तुमी तर मातीतल्या तज्ज्ञ, बघा की कशी हाय." मला खरं तर भांडायचं होतं. राजारामपुरीत राहून मी एक शिकलेय, की दिवसाचं भांडण सकाळीच उरकून टाकलं की पुढचा दिवस बरा जातो. पण स्कूटी ओढायला वाकले आणि वास आला. ओलसर, किंचित गोड, बीट कापल्यावर सुरीला येतो तसा. चिमूटभर उचलली, बोटांत चुरली, नाकाशी धरली. गणपतराव कौतुकानं बघत होते आणि मी परत हुंगून बघितली. गेल्या रविवारी माझ्या भावाचा, सोमेशचा फोन आला होता. "अक्का, वरच्या रानाची माती भट्टीवाल्याला द्यायची म्हणतोय. रान उंच हाय, पाणी चढत न्हाय. दोन फूट उतरलं की पाटाच्या पाण्यात बसतंय बघ." मी तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. "दे की," म्हणाले, "रान तुझं, तुला कळतंय." आणि फोन ठेवला. त्याला आठ दिवस झाले.

वरच्या रानाच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, माझी थोरली बहीण आहे. अकरा दिवसांची. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात. ती तिथं आहे हे अप्पांना ठाऊक होतं, ते गेले. अव्वाला, म्हणजे आईला, ठाऊक होतं, तीही गेली. उरले मी. सोमेशला काही माहीत नाही. जगात एकट्या मला ठाऊक असलेली ही एक गोष्ट, आणि मी ती कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला विसरले. पार्किंगमध्ये हातात चिमूटभर माती धरून मी उभी, आणि मला स्वतःचा इतका राग आला की गणपतरावांना वाटलं माती पसंत पडली नाही. "का वो, भेसळ हाय काय?" त्यांनी विचारलं. मी जिन्यात जाऊन सोमेशला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. रानात असला की मोबाईल बंडीत आणि बंडी झाडाला, हे मला माहीत आहे. मग ऑफिसात कळवलं, बरं नाही, येत नाही. आणि रिक्षा करून स्टँडवर गेले.

कुरुंदवाडच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. बोटं अजून नाकाशीच जात होती. तो वास मातीचा नसतो. मातीत राहणाऱ्या जिवांचा असतो, इतके बारीक की दिसायचा प्रश्नच नाही. हे मला चौऱ्याण्णव साली कळलं, चोविसाव्या वर्षी, आणि तेव्हापासून कुठंही ओली माती दिसली की मी कुत्र्यासारखी हुंगते. नवरा म्हणायचा, लोकांसमोर तरी नको. आता नोकरीत ते हुंगणंही राहिलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत शेतकरी पिशवीतून माती आणतात, आम्ही ती वाळवतो, कुटतो, चाळतो, नत्र स्फुरद पालाश काढून कागद हातात देतो. वाळवली की आतले बहुतेक मेलेच. दहा वर्षं मी मेलेली माती तपासतेय आणि पगार घेतेय. शिरोली एमआयडीसीजवळ गाडी थांबली, फाउंड्रीतल्या भाजलेल्या वाळूचा वास आत शिरला, शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. मी त्या वासात पिराजीला शोधत होते, कारण पिराजी प्रयोगशाळेत लागायच्या आधी तिथंच कुठंतरी साचे भरायचा.

पिराजी आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा शिपाई. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मला मातीतल्या सूक्ष्मजीवांचं वजन काढायचं होतं. उसाचं पाचट जाळलेलं रान, पाचट न जाळता कुजवलेलं रान, क्षारानं पांढरं पडलेलं रान, अशा वीस ठिकाणांची माती. कोणत्या मातीत किती जीव, एवढंच. पण एकेक जीव मोजता येत नाही, म्हणून करायचं असं, की एकाच मातीचे दोन सारखे वाटे करायचे. एक वाटा तसाच ठेवायचा. दुसरा काचेच्या जाड भांड्यात क्लोरोफॉर्मच्या वाटीशेजारी ठेवून झाकण बसवायचं, पंपानं हवा ओढून घ्यायची, क्लोरोफॉर्मला उकळी फुटली की बंद करायचं आणि चोवीस तास अंधारात ठेवायचं. आतले सगळे मरतात, फुटतात, त्यांच्यातला कार्बन बाहेर येतो. मग दोन्ही वाट्यांतला कार्बन मोजायचा, एकातून दुसरा वजा करायचा. जो फरक येतो तेवढे जीव होते. पहिल्या दिवशी मी हे पिराजीला समजावून सांगितलं. पंपाचा खटका दाबता दाबता तो म्हणाला, "म्हंजे आधी खून, मग पंचनामा!" मी पोट धरून हसले. मला त्या दिवसांत कशाचंही हसू यायचं. कपाळावर केस, हातावर पोटॅशियम डायक्रोमेटचे डाग, दुपारी पिराजीनं आणलेली मिसळ. पाव तो रश्शात अख्खा बुडवायचा आणि म्हणायचा, "ह्यातबी असतील की वो बाई तुमचं जीव?" किती सुखात होते मी, आणि तेव्हा ते कळत नव्हतं, ह्याचंच आता वाईट वाटतं.

हातकणंगले गेलं. अव्वाची आठवण नेहमी म्हशीच्या वासानं येते. धारेला बसल्यावर ती कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायची. प्रबंधाचं काम सुरू झालं तेव्हा मी सुट्टीला घरी गेले आणि तिला सांगायला बसले. तिनं शाळा पाहिलेली नव्हती. "अव्वा, आपल्या रानात मातीखाली इतके जीव आहेत, की एकरातल्या सगळ्यांचं मिळून वजन केलं तर चार-पाच म्हशींएवढं भरेल." तिची धार थांबली. "चार-पाच म्हशी?" "व्हय." "आणि त्यास्नी खायाला काय?" प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्या सरांनी तो प्रश्न पहिल्या व्याख्यानात विचारला होता आणि वर्गात एकाला उत्तर आलं नव्हतं. म्हटलं, पाचट, शेण, मेलेली मुळं. ते खातात, अंगात धरून ठेवतात, आणि मेले की पिकाला सोडून देतात. उसाच्या तोंडी जे काही जातं ते आधी त्यांच्या तोंडातून जातं. अव्वानं तांब्या खाली ठेवला आणि सोप्याकडं बघून हाक मारली, "ऐकलं काय वो? आपण वरसाला त्येंचा चारा जाळतोय." अप्पा, म्हणजे आमचे वडील चनबसाप्पा, जन्मात कुणाचं ऐकणारे नव्हते. पण त्या वर्षापासून आमच्या रानातलं पाचट जाळायचं बंद झालं. लोक हसायचे. म्हणायचे, चनबसाप्पाची लेक शिकली आणि रानात उकिरडा झाला. अव्वा त्यांना ऐकवायची, "जित्राबं हाईत खाली. उपाशी ठेवू काय?"

वीस नमुन्यांपैकी एकोणिसावा मी आमच्याच रानातून घेतला. न नांगरलेली जागा हवी होती, तुलनेसाठी. पंचक्रोशीत अशी जागा सापडेना, उसवाले बांधसुद्धा खाऊन टाकतात. मग आठवलं, आमच्या वरच्या रानाचा कोपरा. खाटेएवढी जागा, नुसती हरळी वाढलेली. अप्पांचा नांगर तिथं आला की वळायचा. बैलंसुद्धा शिकली होती, न सांगता वळायची. पुढं भाड्याचा ट्रॅक्टर आला, तोही वळायचा. आम्ही पोरांनी विचारलं की अप्पा म्हणायचे, "खाली खडक हाय. फाळ मोडंल." मी लोखंडी नळी घेऊन गेले आणि वीतभर खोल ठोकली. खडकबिडक लागला नाही. नळी अशी गेली की मला नवल वाटलं, पण ते नवल मी वहीत नोंदवलं नाही. काळीभोर, रव्याची, हाताला ऊबदार माती. पिशवीत भरली, वर लिहिलं, एकोणीस. कोल्हापूरला आणली, दोन वाटे केले, एक वाटा पिराजीनं काचेच्या भांड्यात ठेवला आणि खटका दाबला.

जाळलेल्या रानात किलोमागं एकशेऐंशी मिलिग्रॅम आले होते. पाचट कुजवलेल्यात दोनशे साठ. एकोणीस नंबरमध्ये पाचशे एक्क्याण्णव. परत केलं, पाचशे शहाऐंशी. मी नाचतच सरांकडं गेले. सरांनी चष्मा वर केला, म्हणाले, हा एकटाच आकडा असा आहे, याच्या जोडीला दुसरी तशी जागा नाही, परीक्षक इथंच पकडतील. काढून टाका. सर वाईट नव्हते, त्यांचं शास्त्राच्या हिशेबानं चूकही नव्हतं. प्रयोगशाळेत खोडायचा एक नियम असतो. गिरबटायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. मी रेघ मारली, सही केली, तारीख घातली. प्रबंधात एकोणीस नमुने गेले, वीस नाहीत. अठरानंतर एकदम वीस. कुणी विचारलंही नाही.

त्या शनिवारी घरी गेले. अव्वा अंगणात जोंधळे पाखडत होती. आकडा अजून डोक्यात होता आणि मला चेष्टेची लहर आली. म्हणाले, "अव्वा, वरच्या रानाच्या कोपऱ्यात काय पुरलंयस गं? तिथं सगळ्यांच्या दुप्पट जीव निघाले!" सूप तिच्या हातातून सुटलं नाही. ती ते धरूनच बसली, पण पाखडायचं थांबलं. मग तिनं विचारलं, "किती खोल खणलीस?" आवाज असा, की माझं हसू ओठातच राहिलं. "वीतभर. का?" "वीतभरच न्हवं? नक्की?" "व्हय की. का पण?" तिनं श्वास सोडला. सूप बाजूला ठेवलं. मग सांगितलं, माझ्याकडं न बघता, जोंधळ्यातले खडे वेचत. "सदुसष्ट सालचा श्रावण. दोनी नद्या गावाला लागल्याल्या. तुज्या आदी एक हुती. अकरा दिसांची. ताप आला आणि दोन रात्रीत गेली. रुद्रभूमीची वाट पाण्याखाली. मग तुज्या अप्पानं उंच रानात न्हेलं, तितं पाणी येत न्हाय म्हणून. स्वामींनी विभूती दिली, मीठ दिलं, पाळण्यात बांधलेलं एवढंसं लिंग तिच्या हातात दिलं म्हणं. मला वल्या बाळंतिणीला कोण जाऊ देतंय? पाणी उतारल्यावर ह्येंनी न्हेऊन बोटानं दाखीवलं, हितं. परत कदी त्यावर बोललं न्हाईत." एवढं बोलून ती उठली, चुलीपुढं गेली. मी अंगणात तशीच. मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा तांब्या घेऊन अव्वा एकटीच रानात जायची. अमावस्येला आंबील. श्रावणात सोमवारी बेल. सत्तावीस वर्षं तिनं तो कोपरा नांगराला दिला नाही आणि उपाशीही ठेवला नाही. न मोडलेली, वर्षानुवर्षं खाऊपिऊ घातलेली माती, तिच्यात दुप्पट जीव निघणार नाहीत तर काय! माझं शास्त्र अगदी बरोबर होतं आणि मला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटत होतं.

रात्री जेवताना, अप्पा हात धुवायला उठल्यावर, ती माझ्या कानाशी आली. "दुप्पट म्हणालीस?" "व्हय." "म्हंजे हाय की." मी शिकलेली होते ना, मला राहवेना. "अव्वा, ते जिवाणू असतात. बुरशी असते. तसं काही..." "असू दे की," ती म्हणाली, "कुणीतरी हाय न्हवं तितं." आणि मग तिनं विचारलं, "मोजलंस कसं?" तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काचेचं भांडं आलं, पिराजीचा हात, पंपाचा आवाज, क्लोरोफॉर्मला फुटलेली उकळी. "मोजलं यंत्रात," मी म्हणाले, "यंत्र असतंय त्याला." ती समाधानानं ताटं उचलायला लागली. जाता जाता म्हणाली, "सोमूला सांगू नगंस. भितरा हाय त्यो, राखणीला जायाचा न्हाय. माजी शप्पत हाय."

जयसिंगपूरला गाडी बराच वेळ थांबली. कंडक्टर खाली चहा पीत होता आणि मी खिडकीतून त्याच्यावर मनातल्या मनात ओरडत होते. परत फोन लावला. वाजला, बंद झाला. प्रबंध बांधून झाला तेव्हा एक प्रत घरी नेली होती. निळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत सगळं इंग्रजी. अव्वानं हात धुतले, पदराला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं. "ह्यात ती हाय?" मला तेव्हाच सांगता आलं असतं. नाही अव्वा, तेवढाच आकडा काढला. साधं वाक्य होतं. "हाय," मी म्हणाले. "कुटल्या पानावर?" मी पानं उलटली, जिथं आकड्यांचा तक्ता होता ते पान काढलं, सत्तेचाळीस नंबरचं, आणि दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवलं. अठरा आणि वीसच्या मध्ये. तिथं काही नव्हतं. तिनं त्या जागेवर विभूतीचं बोट टेकवलं, बेलाचं एक पान ठेवलं आणि पुस्तक मिटलं. पुढं सात वर्षं, ती जाईपर्यंत, प्रबंध तिच्या ट्रंकेत लुगड्यांखाली होता आणि श्रावणात बाहेर निघायचा. गावातल्या बायकांना ती सांगायची, माझ्या लेकीनं पुस्तक लिवलंय, त्यात आमचं रान हाय. एवढंच सांगायची. त्या वेळी मी तिथं असले की पाण्याचं निमित्त करून आत जायची. आईला फसवल्याची लाज एकदम येत नाही. ती दर श्रावणात थोडी थोडी येते.

कुरुंदवाडला उतरून वरच्या रानापर्यंत चालत वीस मिनिटं. मी जवळजवळ पळतच गेले, साडी खोचून, छत्तीस वर्षांची बाई, बघणारे बघत होते. बांधावर चढले आणि थांबले. रान नव्हतंच. माझ्या ओळखीची काळी जमीन जिथं असायची तिथं दोन फूट खाली पिवळट, घट्ट, तुळतुळीत तळ होता, त्यावर पोकलेनच्या पट्ट्यांच्या खुणा. अप्पांनी कुजवलेलं पाचट, मी मोजलेले दोनशे साठ, चार-पाच म्हशी, सगळं विटांच्या भट्टीला गेलं होतं, थोडं आमच्या पार्किंगमध्ये. ते मी "दे की" म्हणून दिलं होतं. आणि त्या पसरट खड्ड्यात, पलीकडच्या बांधाला चिकटून, खाटेएवढा एक चौथरा उभा होता, वर हरळी तशीच. त्याच्या एका अंगाला पोकलेनच्या दातांच्या चार खोल रेघा होत्या. पोकलेन शेजारीच उभं होतं, बंद. डायव्हर आणि सोमेश बाभळीखाली भाकरी खात होते.

"अक्का? आज कशी काय? सांगून तरी यायाचीस," सोमेश तोंडातला घास सांभाळत उठला. मी चौथऱ्याकडं बोट दाखवलं. दम लागला होता. त्याला वाटलं मी कौतुकानं विचारतेय. "त्यो व्हय? अगं अप्पा जन्मभर सांगत आला, खडक हाय, खडक हाय. मीबी पावण्यांना तेच सांगटलं, तेवढं सोडा, मशिन मोडंल. काल ह्येंनी बाजूनं दात लावून बघिटला तर लोण्यागत गेला. खडक कुटला आणि काय! जेवलं की तेवढं काढतोय आणि झालंच."

"तम्मा," मी म्हणाले, "खाली चल जरा." लहानपणी मी त्याला तम्मा म्हणायची. किती वर्षांत म्हटलं नव्हतं, त्यालाही ते लागलं असावं. तो हात न धुता माझ्यामागं आला. चौथऱ्याशेजारी उकिडवे बसून मी सगळं सांगितलं. सदुसष्ट सालचं पाणी, अकरा दिवस, अव्वाचा चीक आणि आंबील. मग थांबता येईना. नळी ठोकलेली, निम्मी माती क्लोरोफॉर्मनं मारलेली, आकडा खोडलेला, सत्तेचाळीस नंबरच्या पानावर बोट ठेवलेलं, आणि गेल्या रविवारी विसरलेले. जे अव्वाला सांगायचं होतं ते सगळं मी धाकट्या भावाला सांगत होते आणि रडत होते. सोमेश ऐकत होता. मध्येच त्यानं ती दातांची खूण तळव्यानं लिंपल्यासारखी केली. "मी हितं राखणीला झोपायचो की गं," तो म्हणाला, "डोकं ह्याच उंचवट्यावर टेकून. हितंच झोप लागायची." मग रागानं, "मला कुणी का सांगटलं न्हाय?" "अव्वानं शपथ घातलेली. तू भितरा होतास." त्याला हसू आलं आणि ते हसू अर्ध्यातच मोडलं. तोंड फिरवून त्यानं नाक शर्टाच्या बाहीला पुसलं. मग उठला, चौथऱ्यावरची मूठभर माती उचलली आणि माझ्यापुढं धरली. "ने. परत मोज. आता नीट लिव." त्याच्या मुठीतून तोच वास येत होता, गोडसर, बिटाचा. मी म्हटलं, "मोजायचं तर निम्मी मारायला लागत्यात, तम्मा." त्यानं मुठीकडं बघितलं. "मग नगं," म्हणाला, आणि ती माती जागच्या जागी ठेवून वर हरळी दाबली.

डायव्हर तोपर्यंत पोकलेनवर चढला होता. वरून त्यानं हाक घातली, "काय वो मालक, काढू न्हवं तेवढं?" सोमेश वळला. त्याचा आवाज हुबेहूब अप्पांचा निघाला. "नगा, पावणं. खाली खडक हाय." "आवो, काल तर..." "खडक हाय म्हंटलं न्हवं!" डायव्हरनं मान हलवली आणि मशिन उलटं फिरवलं. अप्पांच्या बैलांसारखंच ते कोपऱ्यापाशी वळलं आणि निघून गेलं.

घरी आल्यावर मी अव्वाची ट्रंक उघडली. लुगड्यांखाली प्रबंध होता. सत्तेचाळीस नंबरच्या पानावर बेलाचं पान वाळून कागदासारखं झालं होतं, पण होतं. विभूतीच्या बोटाचा राखाडी ठसा अठरा आणि वीसच्या मधोमध, अगदी मी दाखवलेल्या जागी. सोमेश माझ्या खांद्यावरून बघत होता. मी पर्समधून पेन काढलं. दोन ओळींच्या मध्ये जागा फार नव्हती, बारीक अक्षरात लिहायला लागलं. एकोणीस. पुढच्या रकान्यात पाचशे एक्क्याण्णव. मधला रकाना राहिला, नमुन्याचं वर्णन. तिथं बाकी सगळ्यांपुढं इंग्रजीत होतं, ऊस, पाचट जाळलेलं. ऊस, पाचट कुजवलेलं. पडीक, क्षारपड. माझं पेन तिथं अडलं. "नाव काय हुतं तिचं?" सोमेशनं विचारलं. मला माहीत नव्हतं. बारशाआधीच गेली होती, आणि अव्वानं मनात काही ठेवलं असलं तर ते तिच्याबरोबर गेलं. मी मराठीत लिहिलं, थोरली. शेजारी सही केली, तारीख घातली, आणि बेलाचं पान होतं तिथं ठेवलं.